मोठीमायचा गुडघा

मोठीमाय म्हणजे माझी थोरली काकू. तापीकाठच्या प्रकाशा गावातल्या आमच्या घरात विकतचं तिखट येणं म्हणजे बेअब्रू. नंदुरबारहून मिरची आणायची, अंगणात वाळवायची, देठं खुडायची, शिंकत-खोकत कुटायची आणि वस्त्रगाळ करायची, हे सगळं तिच्या देखरेखीत व्हायचं. घरात होतं ते बाजारातून आणायचं नाही, हा तिचा कायदा. तो ती स्वतःच्या गुडघ्यालाही लावेल, हे माझ्या डोक्यात कुठून येणार?

मी पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करते. टायटॅनियमची पिठासारखी पूड पातळ पसरायची, हवा तेवढाच भाग लेझरने वितळवायचा, त्यावर पुन्हा थर. असे थर चढवत आम्ही छोटे जाळीदार तुकडे बनवतो. पुढेमागे असा तुकडा माणसाच्या शरीरात बसवला तर त्या जाळीत हाड वाढून घट्ट पकड घेईल, ही आशा. अलीकडच्याच एका आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी जाताना मी त्यातला एक तुकडा शेखी मिरवायला घेऊन गेले.

मोठीमायने तो तळहातावर तोलला. "कितलं हलकं शे वं हाई! पूड नीट चाळस ना?"

"चाळते तर! तुझा दुखरा गुडघा याचाच करू," मी म्हटलं. चेष्टाच होती ती. तिने तुकडा पदराच्या टोकाला बांधला.

पुढे गुडघा फारच दुखू लागला. चुलतभावाने तिला नंदुरबारला डॉक्टरांकडे नेलं. बदलून घ्या, त्यांनी सांगितलं. मोठीमाय ठाम. "बजारनं काय लेवानं? घरनं शे ना. मन्ही पोर करी ऱ्हायनी."

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, आमच्याकडे सगळं उलटं. भावाने फोन केला, "माय आयकत नही. तूच सांग तिले." मी हसले. प्रयोगशाळेत डबा खाताना हा किस्सा सगळ्यांना रंगवून सांगितला, तेही हसले. तिला मात्र फोन केला नाही. खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं. त्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी मला कर्तं माणूस समजत होतं, आणि ते माझ्याच्याने मोडवेना.

यंदाच्या आखाजीला गेले. निंबाला झोका बांधला होता, माहेरवाशिणी गाणी म्हणत होत्या. दरवर्षी झोक्याला पहिला हात मोठीमायचा असायचा. यंदा ती ओट्यावर खाटेवर होती. पाय वाकलेला, सरळच होईना. भाऊ हळूच म्हणाला, डॉक्टर म्हणतात ऑपरेशन अजून होईल, पण फार उशीर झाला, पाय पहिल्यासारखा होईल असं नाही.

मला तिच्याकडे बघवेना. लाज वाटली, आणि स्वतःचा संतापही आला. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, त्यावर मी या बाईला बसवून ठेवलं होतं.

खाटेशी बसून मी तिला सगळं सांगितलं. मी गुडघा करत नाही. आमचे तुकडे माणसापर्यंत पोचायला किती वर्षं लागतील, मलाही माहीत नाही. तोवर आम्ही ते दाबयंत्रात घालून मोडतो, किती भार सोसतात ते बघायला. तू आता डॉक्टरांकडचाच गुडघा बसवून घे.

"बठ्ठं मोडी टाकतस?" तिने विचारलं.

"हो, सगळे."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. मग तिने पदराची गाठ सोडली आणि तुकडा माझ्या हातात ठेवला.

"हाई मोडानं ऱ्हायी गयं मंग. लई जाय. मन्हामुये तुन्हं काम आडकाले नको."

तिच्यापायी माझं काम अडू नये म्हणून ती परत देत असलेला तो तुकडा मी घेतला. त्याचे एका कडेचे थर नीट वितळले नव्हते. म्हणून तो चाचणीला गेलाच नव्हता, मी तो भंगाराच्या डब्यातून उचलला होता. एवढं मात्र मला तिला सांगता आलं नाही.