काकूच्या सवती

आमची काकू गेली त्याला महिना होईल. काका सुतार माणूस. रडला नाही, पण विषय निघाला की अजून तिच्या फुलांवर दात खातो.

काकू डोंगरातल्या झाडाझुडपांच्या कचेरीत होती. रानातलं रोप आणायचं, कागदात घालून दोन फळ्यांमध्ये आवळून वाळवायचं, मग पुठ्ठ्यावर सुईदोऱ्यानं टाचून कपाटात ठेवायचं. त्या फळ्या, ती कपाटं काकानंच केलेली. म्हणजे सवतींना घर यानंच बांधून दिलं म्हणा ना.

सगळ्यात लाडकी एक बारकी, जांभळट, दोन ओठांची. फूल गेलं की तिचं बी मान खाली टाकून देठाला चिकटतं, म्हणून काकू तिला खालमानी म्हणायची. कचेरीतल्या साहेबांना तिच्या घराण्यातली डोंगरभरची सगळी रोपं हवी होती.

काका म्हणायचा, "आमच्या घराण्याची एवढी चौकशी केलीस कधी?"

"तुमचं घराणं न दाबताच वाळलेलं आहे."

काकाच्या सदऱ्याचं बटण तुटलेलं. लावते हो, लावते हो म्हणता वर्ष गेलं. हा मुद्दाम पिन लावून चारचौघांत फिरायचा.

मग काकूनं अंथरूण धरलं. तरी तेच. "वरच्या ओढ्याकडची खालमानी राहिली हो. बहर सरेल."

काकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण सकाळी एकटाच डोंगर चढला. ओल्या फडक्यात गुंडाळून, तान्ह्या पोरासारखी जपत खाली आणली. आता हे फूल बोट लागलं की गळतं, जागच्या जागी कागदात दाबावं लागतं, हे त्याला कुठून माहीत? फडकं सोडलं तर नुसत्या काड्या न् पानं.

काकू हसता हसता खोकायला लागली. "अहो, जन्मात पहिल्यांदा फुलं आणलीत, तीही फुलांशिवाय!"

काकानं हात पुढे केला. वाटलं, धरेल. तिनं काड्या धरल्या. "उभे काय राहिलात, कागद आणा आधी."

पुढे जरा उतार पडला तशी ती चार दिवस कामावरही जाऊन आली. मग संपलंच.

परवा काका तिचा डबा न् चष्मा आणायला कचेरीत गेला. साहेबांनी कपाट उघडून दाखवलं. वरच त्या काड्या, पुठ्ठ्यावर.

"यात फूल कुठंय?" काका म्हणाला.

"फूल नाही, पण बी आहे ना. बाई म्हणाल्या, आमच्या ह्यांनी आणलंय, ठेवायचंच."

काका बघत राहिला. एकेक पान सरळ केलेलं, टाके इतके बारीक की दोरा दिसेना. त्याचा हात छातीवरच्या पिनेवर गेला.

"मरायला टेकली होती, तरी हिला टाके. आणि मला पिन."

काकानं कपाटाचं दार लोटलं, ते अर्ध्यात अडकलं. पुन्हा लोटलं. ओलीनं लाकूड फुगलेलं.

"किडा शिरेल की आत," तो खेकसला.

दुसऱ्या दिवशी रंधा घेऊन गेला. सदऱ्याला पिन तशीच.