धम्मरत्नची टोकनं

गोविंदा पेंटर तीस वर्षांपासून शेलूबाजारात रंगकाम करत होता, आणि त्यातली वीस वर्षं त्याच्या शिडीखाली धम्मरत्न उभा होता. वर गोविंदा, खाली धम्मरत्न, अशीच त्यांची जोडी लोकांना माहीत होती. गोविंदाचा हात छतावर असा चाले की खालच्या फरशीवर थेंब सापडायचा नाही. घरमालक त्याच्या कामाचं कौतुक करत, मान वर करून बघत राहत. धम्मरत्न खाली रंग कालवायचा, भिंती घासायचा, डबे उघडायचा. त्याच्याकडे बघायला कुणाला मान वर करावी लागत नसे.

रंगाच्या मोठ्या डब्यात कंपनी एक टोकन टाकते. प्लॅस्टिकच्या पुडीत बांधलेलं, बोटभर लांबीचं. झाकण काढलं की ते वर दिसत नाही. मनगटापर्यंत हात बुडवून रंगात चाचपडावं लागतं. सुरुवातीला या टोकनाचे दहा-वीस रुपये मिळायचे. एकदा धम्मरत्ननं पुडी धुऊन गोविंदाला द्यायला हात वर केला, तेव्हा गोविंदा शिडीवरून हसत म्हणाला होता की रंगात हात घालील त्याचं टोकन, मला कशाला दाखवतो. तोच त्यांच्यातला कायदा झाला. गोविंदाला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. आपण वर आहोत आणि खालच्याला काहीतरी सोडून देत आहोत, हे सुख चहाच्या घोटासारखं त्याच्या घशातून उतरलं होतं.

पुढे वाशिमला एका मंगल कार्यालयात कंपनीनं पेंटर लोकांचा मेळावा घेतला. जेवण होतं, प्रत्येकाला पाठीवरची बॅग होती. कंपनीच्या माणसानं नवी योजना सांगितली: टोकनाचे पैसे रोख घ्या, नाहीतर लेकराच्या नावानं कॉलेजच्या खात्यात जमवा, कॉलेजात प्रवेश झाल्याचा कागद दाखवला की जमेवर कंपनी तिसरा हिस्सा घालून देईल. धम्मरत्न नसेल त्या दिवशी गोविंदा स्वतःच डबे उघडायचा, त्या टोकनांचे पैसे रोखच घेणार म्हणून त्यानं सांगितलं. कॉलेज कुणी पाहिलंय, असंही तो मोठ्यानं बोलला, आणि दोन रांगा हसल्या. धम्मरत्नची पौर्णिमा तेव्हा पहिलीत होती. त्यानं खातं उघडतो म्हटलं, पण त्याच्याकडे मोबाइल नव्हता. मटणाचं जेवण पोटात होतं, मन मोठं झालं होतं, गोविंदा म्हणाला, "माया नंबर टाक ना लेका. कोणी खाते काय त्याले?"

तो नंबर तसाच राहिला. धम्मरत्ननं पुढे स्वतःचा मोबाइल घेतला, तरी नंबर बदलायच्या भानगडीत जमा बुडेल या धास्तीनं त्यानं खात्याला हात लावला नाही. टोकन मिळालं की जब्बारसेठच्या रंगाच्या दुकानात नेऊन द्यायचं, सेठ ते मोबाइलवर चढवायचा. दर वेळी गोविंदाच्या मोबाइलवर इंग्रजीत मेसेज यायचा. गोविंदा तो जाहिरात समजून पुसून टाकायचा. अकरा वर्षं.

या वर्षी पौर्णिमाचा नंबर अकोल्याला फार्मसीला लागला. फी शिष्यवृत्तीत होती, पण सरकारी वसतिगृहाच्या यादीत तिचं नाव आलं नाही. कॉलेजजवळ एका बाईकडे खोली मिळत होती, जेवणासकट. सहा महिन्यांचे पैसे शुक्रवारी पाचच्या आत पोचले नाहीत तर खोली दुसऱ्या मुलीला जाणार होती. धम्मरत्ननं प्रवेशाचा कागद दाखवून जब्बारसेठला जमा विचारली. कंपनीचा हिस्सा धरून एकेचाळीस हजार दोनशे.

ही रक्कम गोविंदाला त्याच्या बायकोकडून, लिलाबाईकडून कळली. तिला ती पिठाच्या गिरणीत कळली होती. तिनं ताट वाढता वाढता सांगितलं, आणि वर एवढंच म्हणाली, "आपला संघदीप काय कमी हुशार होता?"

गोविंदानं भाकरी मोडली आणि तशीच धरून ठेवली. त्यांचा मुलगा संघदीप वाशिमच्या कॉलेजात सहा महिने गेला होता. मग बसचा पास, पुस्तकं, हे नाही ते नाही. आता तो मंगरूळपीरच्या लाइनीवर जीप चालवत होता आणि टपावर माणसं मोजत होता. गोविंदानं त्या वर्षी टोकनांचे पैसे कशात घातले होते? आठवायचा प्रयत्न केला तर एकही वस्तू आठवेना. चहा, तंबाखूचा खर्रा, रिचार्ज. पैशांना वासही उरला नव्हता.

त्या दिवसापासून त्याला धम्मरत्नचं सगळं दिसायला लागलं. त्याचे हात दिसले, कोपरापर्यंत रंगाचे, आणि ते हात त्याला चोराचे वाटले. गाणं गुणगुणत डबा ढवळण्याची त्याची सवय दिसली. वीस वर्षं हा माणूस खाली उभा राहून वर चढत होता आणि मी वर उभा राहून तिथंच होतो, असं त्याच्या मनात आलं. ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. पण शिडी धरायला धम्मरत्न आला की तो म्हणायचा, "ऱ्हाऊ दे, साहेबाचा बाप तू." धम्मरत्न हसायचा. त्या हसण्यानंही गोविंदाच्या अंगाची आग व्हायची.

शुक्रवारी काम हायवेच्या पलीकडे एका नव्या घरात होतं, जब्बारसेठच्या दुकानापासून दहा मिनिटांवर. जेवणानंतर धम्मरत्न पैसे काढायला दुकानात गेला. पौर्णिमा बॅग घेऊन तिथंच येणार होती. पैसे पडले की ती खोलीवालीला पाठवणार आणि बाप-लेक अकोल्याची बस धरणार. गोविंदा एकटा छताला रंगाचा दुसरा हात देत होता. खिशात मोबाइल थरथरला. त्यानं चष्मा पुसून पाहिलं. सहा आकडे. लगेच धम्मरत्नचा फोन आला: भाऊ, ओटीपी आला काय?

"नाई," गोविंदा म्हणाला.

हे त्यानं ठरवलेलं नव्हतं. शब्द तोंडात तयारच होता. फोन ठेवल्यावर त्याला वाटलं, पुढच्या वेळी सांगू. थोडा वेळ थांबेल तर काय बिघडलं. दहा मिनिटांनी मोबाइल पुन्हा थरथरला, पुन्हा सहा आकडे, पुन्हा धम्मरत्न. गोविंदानं रोलर भिंतीवर टेकवला आणि पुन्हा नाही म्हणाला. या वेळी त्याला खोटं बोलल्यासारखंही वाटलं नाही. आपल्या नंबरावर आलेली गोष्ट आपली आहे, तिला आपण हो म्हणू की नाही म्हणू, असं काहीसं वाटलं. सव्वाचार झाले होते.

साडेचारला धम्मरत्न स्वतः आला. धापा टाकत होता. जब्बारसेठनं सांगितलं होतं की कंपनी दिवसातून तीनदाच ओटीपी टाकते. आता एकच उरला, तोही गेला तर खातं उद्यापर्यंत बंद. तो शिडीखाली, नेहमीच्या जागी, उभा राहिला.

"इथं रेंज नसन भाऊ. खाली येता काय? बाहेर उभं राहू."

गोविंदा खाली आला नाही. छताकडे तोंड ठेवूनच तो बोलला, आणि एवढ्या दिवसांचं एकदमच बोलला. "छतं कोणाच्या नावानं भेटत होते आपल्याले? लोक कोणाले बलावत होते? माया हातामुळं डबे येत होते, धम्मा. तू खाली बसून झाकणं खोलत राह्यला."

धम्मरत्न म्हणाला, "तुमीच म्हणले होते भाऊ. रंगात हात घालन त्याचं टोकन. मी घातला."

"म्हणलो होतो."

"मंग अर्धे घ्या. आता मागा, मी देतो. खोलीचं मी पाहीन कसंतरी, उसने काढीन. पण पाचच्या आत पोट्टीचं होऊ द्या."

तो हे रागानं म्हणाला असता तर गोविंदानं कदाचित घेतले असते. तो साधेपणानं म्हणाला, पैसे मोजून ठेवल्यासारखा. गोविंदाला शिडीच्या वरच्या पायरीवर उभं राहून एकदम खूप खाली असल्यासारखं झालं. देणारा तो होता, आजपर्यंत. मोठ्या मनाचा गोविंदा पेंटर. आता तेही यानं घेतलं होतं. आणि अर्धे घेऊन तो काय करणार होता? संघदीपला सव्विसावं लागलं होतं.

"सेठले सांग टाकाले," तो म्हणाला.

धम्मरत्ननं जब्बारसेठला फोन लावला, टाका म्हणून सांगितलं आणि फोन चालूच ठेवला. खोली रिकामी होती, फरशीवर वर्तमानपत्रं पसरलेली. गोविंदाच्या खिशातला मोबाइल थरथरला आणि तो आवाज दोघांनी ऐकला. रेंज होती.

गोविंदानं मोबाइल काढला. चष्म्यावर पांढरे शिंतोडे होते. पुसले तर आणखी पसरले. आकडे दिसेनात. त्याला वाटलं वाकून, डोळ्यांजवळ धरून वाचता येतील, आणि वाचलेच पाहिजेत, मोबाइल हातातून सोडता कामा नये. पण वेळ जात होता, फोनवर जब्बारसेठ "बोलो भाई, बोलो" करत होता. गोविंदानं शिडीवरून हात खाली केला आणि मोबाइल दिला.

धम्मरत्ननं पडद्याकडे पाहिलं. तिथं तिन्ही मेसेज एकाखाली एक होते, वेळेसकट. त्याची नजर वरच्यावर गेली, मधल्यावर गेली. मग त्यानं शेवटच्या मेसेजमधले सहा आकडे हळू आणि स्पष्ट वाचून दाखवले. पलीकडून जब्बारसेठ म्हणाला की हो गया. मागून पौर्णिमाचा आवाज आला, बाबा लवकर या म्हणून.

धम्मरत्ननं मोबाइल स्वतःच्या शर्टाला पुसला, त्यावर रंगाचा अंगठा उमटला होता म्हणून, आणि परत वर दिला.

"रविवारी येतो भाऊ," तो म्हणाला. "उद्या तिचं सामान लावून देतो. दारं मायासाठी ठेवजा, तुमचा खांदा दुखते."

अर्ध्याचं तो बोलला नाही, गोविंदानंही काढलं नाही. तो गेला. जिन्यावर त्याच्या चपला पळाल्याचा आवाज आला.

गोविंदा वाट पाहत राहिला की हा परत येईल आणि काहीतरी म्हणेल. शिवी देईल. गोविंदाला माहीत होतं, त्याच्या जागी आपण असतो तर संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजारात त्या तीन मेसेजचं सांगितलं असतं, चहाच्या टपरीवर, जीप स्टँडवर, सगळीकडे. धम्मरत्न कुणाला सांगणार नव्हता. बायकोलासुद्धा नाही. एकेचाळीस हजार एकवेळ आपणही जमवले असते, त्यानं विचार केला. एखाद्या दुसऱ्या जन्मात, खर्रा सोडून. पण हे आपल्याला जमलं नसतं. हे याच्याकडे कुठून आलं? वीस वर्षं तर तो आपल्यासमोरच होता.

पाच वाजून गेल्यावर लिलाबाईचा फोन आला. धम्मरत्नले पैसे भेटले काय, तिनं विचारलं.

"भेटले."

"मंग?"

"मंग काय," गोविंदा म्हणाला. छताला दुसरा हात देऊन झाला होता. त्यानं रोलर बुडवला आणि त्याच ओल्या जागेवर परत फिरवायला सुरुवात केली.