आमच्या मोहाचं चित्र

पन्नाशी उलटल्यावर मी जलरंग शिकायला गेले. बल्लारपुरात एक निवृत्त चित्रकला शिक्षक दर रविवारी मोठ्या माणसांचा वर्ग घेत. पहिले दोन महिने नुसती झाडं. आधी फिकट रंग, तो वाळला की गडद, आणि पांढरं हवं तिथे कागद कोराच ठेवायचा. पांढऱ्याला जागा आधी सोडावी लागते, नंतर देता येत नाही, हे सर दर रविवारी बजावत. माझा स्वभाव उतावळा. ओल्या हिरव्यात मी तपकिरी बुंधा घुसवायचे आणि झाडाऐवजी शेवाळलेलं डबकं तयार व्हायचं.

आई सावलीजवळच्या आमच्या गावी राहायची. तिथे जंगलाच्या कडेला आमचा मोह आहे. सातबाऱ्यावर नव्हे, पण आमच्याकडे रानातले मोहही घराघरांचे ठरलेले असतात आणि दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कुणी उचलत नाही. पांढरं लुगडं खोचून, टोपली घेऊन आईने जन्मभर त्या झाडाखाली फुलं वेचली. गुडघे गेले तसं तिचं रान सुटलं. मी चित्रं शिकतेय म्हटल्यावर तिने एकच मागितलं. आपला मोह काढून आण, निदान कागदावर तरी दिसू दे.

हात बसेपर्यंत मी तिला थांबवलं. आधी कडुनिंब, मग आंबा, मग कॉलनीतला गुलमोहर. श्रावणात गावी गेले तेव्हा मोहाचा फोटो घेतला आणि त्यावरून भरगच्च हिरवं झाड रंगवलं. सरांनी ते वर्गात सगळ्यांना दाखवलं. मी अगदी फुगून गेले. दिवाळीत चित्र आईच्या हातात दिलं. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"हा आपला नाई," ती म्हणाली. "फुलं पडतेत तवा मोहाले पानं कुठी रायतेत? अन् बुड काळं काऊन नाई केलं?"

माझं डोकंच फिरलं. मी फोटो तिच्यापुढे धरला, हे बघ, अस्संच आहे म्हणून ऐकवलं. खरं तर तिचंच बरोबर होतं. फुलं पडायच्या आधी ती झाडाखालचा पाचोळा गोळा करून पेटवायची, म्हणजे मोकळ्या जमिनीवर फूल दिसतं. दरवर्षीच्या त्या धगीने बुंधा कमरेपर्यंत काळा झाला होता. फोटोत तो गवताआड गेला होता आणि मला आठवलाही नव्हता. आता फुलांच्या दिवसांतच काढीन, असं मी तोंड पाडून म्हणाले. तिने बरं म्हटलं.

पौषात तिला न्यूमोनिया झाला आणि आठवड्याभरात ती गेली. तिने एवढी एकच गोष्ट मागितली होती आणि मी हात बसायची वाट बघत बसले. हे मला अजून सहन होत नाही.

चैत्रात मी रंग घेऊन मोहाकडे गेले. झाडावर एक पान नव्हतं. बुड काळं होतं. खाली मात्र पाचोळ्याचा थर तसाच पडलेला, आणि त्यात फुलं सुकून तपकिरी झालेली. झाड आमचं, म्हणून गावात कुणी एक फूल उचललं नव्हतं. मी तिथेच बसून पोटभर रडले. मग हातांनी पाचोळा बाजूला सारला आणि चित्राला बसले. या वेळी घाई केली नाही. ताजं फूल पांढुरकं असतं, म्हणून एकेका फुलासाठी कागद कोरा सोडला. शेवटी बुड काळं केलं, त्याखालची जमीनही आई पाचोळा पेटवायची तेव्हा व्हायची तशी काळी केली.

परतताना शेजारच्या मावशीला चित्र दाखवलं. ती कायम आईच्या सोबतीने फुलं वेचायला जायची. तिने झाड लगेच ओळखलं. मग बुडाशी बोट ठेवलं.

"मोह तुमचाच हाय," ती म्हणाली. "पन तुही माय कुठी हाय याच्यात?"

मी पाहिलं. मावशीचं बोट होतं तिथे, पांढऱ्या लुगड्याच्या जागी, काळा रंग केव्हाच वाळला होता.