मंडईत सापडलेला एक्स-रे

मेहबूब पेंटरची एक खोड होती. स्टेन्सिल कापताना तो चारी बाजूंना चार-चार बोटं कड तशीच सोडायचा, धरणाऱ्याच्या हाताला रंग लागू नये म्हणून. बाकीचे पेंटर हसायचे. पण एके काळी मंडईतल्या निम्म्या पेट्यांवरची नावं त्याच्याच स्टेन्सिलची होती.

त्याची मुलगी कमरजहां जन्मापासून ठिसूळ हाडांची. उंबऱ्याला अडखळली तरी पाय मोडायचा. आता ती पस्तिशीची होती. कुबडी घेऊन वारज्यात शिकवण्या घ्यायला जायची, आणि जीभ चांगलीच धारदार होती.

एक दिवस ती इस्पितळातून खुशीत आली. तिच्यासारख्या, हाडांचा दुर्मिळ आजार असलेल्या रुग्णांची डॉक्टर श्यामला एक नोंदवही करत होत्या. कुणाचं हाड कधी मोडलं, कसं जुळलं, सगळं एका जागी आलं तर पुढच्या मुलांसाठी उपचार शोधता येतील.

"अब्बा, लहानपणीचा एक्स-रे हवाय. तारीख असलेला, एक तरी. नाहीतर माझं लहानपण रिकामंच राहील म्हणाल्या."

मेहबूबला चहाचा ठसका लागला. एक्स-रेची फिल्म म्हणजे स्टेन्सिलला सोनं. भिजत नाही, गंजत नाही. हाड जुळलं की तो फिल्म कामाला घ्यायचा. हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं.

"सगळे कापले मी," तो खाली बघत म्हणाला. "पेट्यांसाठी."

"म्हणजे मी घरात पडून होते, आणि माझे पाय मंडईत फिरत होते." ती हे हसून म्हणाली, पण लगेच कुबडी उचलून आत निघून गेली.

सकाळी तो मंडईत गेला. दोन गाळ्यांवर उत्तर मिळालं, कधीच फेकलं. तिसरा गाळा अंजीरवाल्या आप्पासाहेबांचा. तिथे खिळ्याला रंगाने लडबडलेली काळी फिल्म लटकत होती.

"आप्पासाहेब, ती परत हवी होती."

"पंचवीस-तीस वर्षांनी? गॅरंटी संपली वाटतं."

मेहबूबने चाचरत सगळं सांगितलं. आप्पासाहेब पेटीवर टेकले. "आणि मी समजत होतो, माझं नाव माझ्या अंजिरांवर चाललंय." त्यांनी फिल्म काढून दिली. "न्या. पण संध्याकाळच्या आत दुसरी द्या. बिननावाची पेटी म्हणजे लोकांना चोरीचा माल वाटतो."

मेहबूबने तिथेच पायरीवर बसून पत्र्याची नवी कापली. घरी येऊन रॉकेलने जुनी पुसायला घेतली. रंगाखालून हळूहळू वाकडी नडगी वर आली. मधोमध आरपार 'आप्पासाहेब'. आणि न कापलेल्या कडेवर कमरजहांचं नाव, वय सात आणि तारीख, जशीच्या तशी.

इस्पितळात बापलेकीसमोर डॉक्टर श्यामलांनी फिल्म उजेडावर धरली. बराच वेळ पाहिली.

"बाक दिसतोय. जुनी भेगही दिसतेय. तारीख आहे. चालेल, अगदी चालेल." लिहिता लिहिता त्या थांबल्या. "फक्त रुग्णाचं नाव काय लिहू? आप्पासाहेब?"

"कमरजहांच लिहा," ती म्हणाली. "अंजिरं त्यांची, पाय माझा."

मेहबूब इतका हसला, की त्याला कुबडी धरून उभं राहावं लागलं. कुबडी अर्थात तिची होती.