मास्तरांची वांगी

आई गेल्यावर वडील माझ्याकडे ऐरोलीला राहायला आले. आयुष्यभर त्यांनी सांगलीकडच्या एका गावात गणित शिकवलं होतं. इथे आल्यावर मी ऑफिसला गेले की ते गॅलरीत खुर्ची टाकून समोरच्या इमारतीकडे पाहत बसायचे. आईबद्दल ते एक शब्द बोलत नसत आणि मीही काही विचारत नसे.

जानेवारीत सोसायटीने पंपरूमच्या मागची पडीक पट्टी भाजी लावायला खुली केली. नोटीस बोर्डावर नावं लिहायची होती. मी न विचारताच वडिलांचं नाव लिहून आले. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "वांगी लावता येतील का?"

वाशीला जाऊन त्यांनी स्वतः बी आणलं. दह्याच्या रिकाम्या डब्यांना खिळ्याने भोकं पाडली. माझी पिठाची चाळणी घेऊन माती चाळली, आणि ती चाळणी पुन्हा पिठाला लागली नाही. आठवडाभराने ऑफिसात त्यांचा फोन आला. ते आपणहून कधी फोन करत नसत, त्यामुळे मी घाबरूनच उचलला.

"आली," ते म्हणाले.

"कोण आली?"

"वांगी. सहा डब्यांत मिळून बारा रोपं आलीयेत."

त्या संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये अडकूनही माझी चिडचिड झाली नाही.

आमच्या गॅलरीत ऊन तासभरच येतं. रोपं उजेडाच्या दिशेने वाकत उंच झाली, पण अंगाने किडकिडीत राहिली. महिन्याभराने एका रविवारी, भर दुपारी, आम्ही दोघांनी ती खाली नेऊन लावली. वडिलांनी दोरी धरून सरळ रांग आखली होती. चहाच्या वेळेला पुन्हा जाऊन पाहिलं, तर सगळी रोपं जमिनीवर लोळत होती.

वडील तिथेच कट्ट्यावर बसले. म्हणाले, "माझ्या हातून आता काही जगत नाही."

तेवढ्यात शेजारच्या वाफ्यावरून एक म्हातारी उठून आली. ती तळमजल्यावर मुलाकडे राहायची. माहेर जासईचं, सासर इथलंच, जुन्या गावातलं. येताजाता मी तिला मावशी म्हणायचे, त्यापलीकडे आमची ओळख नव्हती. तिने वाकून एक रोप दोन बोटांनी उचलून पाहिलं.

"मास्तर, यांना आदी ऊन दाखवलाव का?"

"म्हणजे?"

"घरान वाडलेली रोपा हायेत ही. एक दिस घटकाभर उनान ठेवाची, दुसरे दिशी जरा जास्त. मंग लावाची, तीपन सांजचे. तुमी एकदम भट्टीन टाकलीव."

"मेली ना मग?"

"सगली नाय मेली. पानी घाला. मी सावली करतय."

तिने नारळाची एक झावळी ओढत आणली आणि रोपांवर आडवी टेकवली. चार दिवसांनी बारापैकी पाच रोपांनी मान वर केली. वडिलांनी मला हाताला धरून खाली नेलं आणि दाखवली.

त्यानंतर रोज सकाळी दोघं वाफ्यावर असायची. त्यांचं फारसं पटायचं नाही. वडिलांना रोपांमध्ये मोजून अंतर हवं असे आणि ती म्हणायची, झाडाला पट्टी समजत नाही. माहेरची भातं कापून झाली की त्याच जमिनीत वाल आणि भाजी कशी निघायची, ते ती सांगे. आता तिथे बंदरावरचे कंटेनर उभे असतात, हेही ती त्याच सुरात सांगायची.

एका सकाळी मी पाण्याची झारी घेऊन मागून येत होते. वडील तिला सांगत होते, "शेवटी शेवटी तिने भरलं वांगं मागितलं होतं. डॉक्टर नको म्हणाले होते. म्हणून मी दिलं नाही. दोन वेळा मागितलं तिने. मग मागायची थांबली."

मी जागच्या जागी उभी राहिले. आईच्या आजारपणात मी इथे नोकरीवर होते, मला हे माहीतच नव्हतं.

म्हातारी तण उपटतच होती. हात न थांबवता म्हणाली, "डाक्तरनी सांगला ता केलाव. ती बरी व्हावी म्हनूनच ना?"

वडिलांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. मी दोन पावलं मागे गेले आणि मुद्दाम झारी आपटत पुन्हा आले.

एप्रिलच्या शेवटी वांगी धरली, लहान, जांभळी, देठाला काटे असलेली. पहिल्या तोड्यातली निम्मी वडिलांनी मावशीला दिली. तिने त्यांत सुकट घालून कालवण पाठवलं. वडिलांना सुकटीचा वास सहन होत नसे. त्यांनी वाटीकडे बराच वेळ पाहिलं, मग भात कालवून सगळं संपवलं. उरलेली वांगी मी आईच्या पद्धतीने, तीळकूट घालून भरली. जेवताना ते म्हणाले, "मीठ कमी पडलंय. तिच्याही हातचं नेहमी कमीच पडायचं." आई गेल्यानंतर माझ्याशी तिच्याबद्दल ते पहिल्यांदा बोलले. मग बोलतच राहिले, पुढची दोन वर्षं.

ते गेल्यानंतरच्या वर्षी मी बी आणलं नाही. पट्टीकडे फिरकलेही नाही. मे महिन्यात एका सकाळी खालून मावशीची हाक आली, "बाय, खाली ये गो."

खाली गेले. आमच्या वाफ्यात भेंडी उभी होती, माझ्या कमरेएवढी. कुणाला न विचारता तिने लावली होती.

"जून होतील," ती म्हणाली. "मंग कोन खात नाय. तोड."

मी तोडायला लागले. ती पदराचा ओचा धरून शेजारी उभी राहिली, आणि मी एकेक भेंडी त्यात टाकत गेले.