स्वेनबाबांची दुभाषी

स्वेनबाबा गेल्याचा मेल स्वीडनहून आला, तो मी सेलूच्या कापसाच्या जिनिंगमध्ये जाऊन तिथे कामाला असलेल्या शेवंताबाईंना सांगितला. पदरावरची रुई झटकत त्या खाली बसल्या आणि एकदम हसल्या. "लय हसवे वो बुढा..."

स्वेनबाबा पोलाद कारखान्यातले युनियनवाले. पुढे आपल्या गावच्या नगरपरिषदेवर कम्युनिस्ट म्हणून निवडून येत राहिले. म्हातारपणी, माझ्या वडिलांच्या युनियनमधल्या ओळखीने, आमच्याकडे हिवाळाभर राहिले. मी कॉन्व्हेंटची, म्हणून दुभाषी. एरवी चार माणसांत माझं तोंड उघडत नसे.

जिनिंगमधल्या बायांच्या पहिल्याच सभेत शेवंताबाईंनी विचारलं, "हा बुढा इथं काऊन येऊन राह्यला? याच्या घरी काम नाई काय?" मी इंग्रजीत सांगितलं, त्या तुमचं स्वागत करताहेत. स्वेनबाबा म्हणाले, "स्वागत करताना कपाळाला इतक्या आठ्या?" मग खरं सांगावंच लागलं. ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "सांग त्यांना, घरी बायको भांडी घासायला लावते, म्हणून पळून आलो." त्या दिवसापासून बाया त्यांच्या झाल्या.

बायांना पाळणाघर हवं होतं. तान्ही मुलं रुईच्या ढिगाशेजारी निजायची, दिवसभर खोकायची. बोलणी करायला गेलो, तर जिनिंगचे मालक थेट स्वेनबाबांशीच इंग्रजीत बोलू लागले... या बायका कामचोर आहेत, लेकरांचं निमित्त करतात. स्वेनबाबा माझ्याकडे वळले. मला म्हणाले, "हे यांना सांग. सगळं."

'मालकांना अडचण आहे' म्हणून सुटता आलं असतं. पण मी शब्दन् शब्द सांगितला.

शेवंताबाई पुढे झाल्या. "मालक, एक दिवस माह्यं लेकरू काखेत घ्या अन् रुई उचला. मंग सांगजा कामचोर कोन!" मालकांचा मुनीमसुद्धा हसला. महिन्याभरात टिनाचं पाळणाघर उभं राहिलं.

मागच्या रविवारी स्वेनबाबांच्या शोकसभेला त्याच पाळणाघरात जमलो. त्यांची मुलगी स्वीडनहून व्हिडिओ कॉलवर होती. एकेक बाई आठवण सांगायची, मी ती इंग्रजीत करायची. शेवटी शेवंताबाई म्हणाल्या, "झालं आमचं. आता तुह्यं सांग." सवयीने मी तेही इंग्रजीत सांगायला लागले, तर बाया खदाखदा हसल्या.

मी मोबाइल शेवंताबाईंच्या हातात दिला आणि उभी राहिले. खूप वेळ बोलले, मराठीत. पलीकडे स्वेनबाबांची मुलगी नुसती बघत राहिली... तिला सांगायला तेव्हा दुभाषी मोकळी नव्हती.