डागवाले भावोजी आणि आईची पावडर

माझे भावोजी सरकारी प्रयोगशाळेत औषधं, जडीबुटी आणि खाण्याच्या वस्तू तपासतात. लोक जे सुखाने पोटात ढकलतात त्यात काय काय मिसळलंय ते शोधायचं आणि चारचौघांची भूक घालवायची, हे त्यांचं काम. कार्यालय सुटलं तरी काम सुटत नाही. कोणाकडे सरबत पुढे आलं की पेला आधी उजेडाकडे धरणार, मान हलवणार आणि म्हणणार, "नको, तहान नाही." घरच्या बाईचा चेहरा उतरतो. ताई टेबलाखालून लाथ मारते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण लाथ कशासाठी होती हे भावोजी अजून सगळ्यांसमोर विचारतात.

आम्ही त्यांना डागवाले म्हणतो. एकदा त्यांचा घरी विसरलेला डबा द्यायला मी प्रयोगशाळेत गेले, तर त्यांनी सगळं समजावून सांगितलं. मी विचारलं नव्हतं. एक काचेची पट्टी, तिच्यावर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर, खालच्या कडेला पेन्सिलीची रेघ. पेनाने रेघ मारली तर शाईच वर चढायला लागते आणि तपासणाऱ्याचंच हसं होतं. रेघेवर बारीक नळीने नमुन्याचा एक टिपका ठेवायचा, शेजारी ज्याचा संशय आहे त्या शुद्ध औषधाचा टिपका. मग पट्टी झाकणाच्या बरणीत उभी करायची. बरणीच्या तळाशी थोडंसं द्रावण असतं. टीपकागदावर पाणी चढतं तसं ते पट्टीवर चढतं आणि नमुन्यातल्या एकेका घटकाला त्याच्या त्याच्या उंचीवर सोडत जातं. नंतर काळ्या पेटीतल्या खास दिव्याखाली पट्टी हिरवी चमकते आणि तिच्यावर गडद डाग दिसतात. नमुन्यातला डाग आणि शुद्ध औषधाचा डाग एकाच उंचीवर आले की चोर सापडला. भावोजी त्या पेटीला डोळे लावून इतके रमले होते की मी निघून आले ते त्यांना कळलंही नाही.

आई माझ्याकडे राहते. गुडघ्यांनी तिला खुर्चीत डांबलं होतं. दारापर्यंत जायचं तर भिंत धरून, आणि परत यायचं तर मला हाक मारून. मग तिच्या मैत्रिणीने पावडरीचा एक डबा आणून दिला. डब्यावर हिरवी पानं, डोंगर चढणारा एक म्हातारा, आणि खाली लिहिलेलं, 'शंभर टक्के वनस्पती'. आठवड्याभरात आई जिना उतरून खाली गेली. मग ती स्वतः बाजारात जाऊ लागली आणि टोमॅटोवरून दुकानदाराशी भांडू लागली. तिला रस्त्यावर भांडताना पाहून आम्ही दोघी बहिणी रडलो. इतका आनंद मला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

आणि मग भावोजी जेवायला आले.

"आईंचा चेहरा गोल झालाय," ते म्हणाले.

"चालते आता, म्हणून अन्न अंगी लागतंय," आई म्हणाली. "तुम्हाला तेही खुपलं का?"

भावोजींनी डब्यावरचा म्हातारा निरखून पाहिला. जाताना चमचाभर पावडर कागदात बांधून घेऊन गेले. न विचारता दुसऱ्याची वस्तू उचलण्याला लोक काय म्हणतात ते सगळ्यांना माहीत आहे, पण यांच्या खात्यात त्याला नमुना म्हणतात.

त्यांनी एका द्रावणात पट्टी चढवली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. डाग दर वेळी शेजारच्या त्याच शुद्ध औषधाच्या उंचीवर. ते स्टेरॉइड होतं, दुखणं दाबणारं, पण चेहरा फुगवणारं आणि रक्तातली साखर वाढवणारं. वनस्पतीत ते कुठून आलं हे डोंगर चढणाऱ्या म्हाताऱ्यालाच ठाऊक.

त्याच संध्याकाळी भावोजी आले आणि त्यांनी डबा कापडी पिशवीत घातला, दोरीने बांधला, गाठीवर लाख ओतली आणि चिठ्ठी चिकटवून सही केली. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या गॅसवर लाख वितळवून.

"माझा डबा कुठे नेताय?" आईने विचारलं.

"आई, यात स्टेरॉइड आहे. हे विष आहे."

"विष खाऊन माणूस जिना चढतो का?"

भावोजींनी लाख सुकली का ते बोटाने पाहिलं आणि पिशवी घेऊन ते सरळ निघाले. भेसळीचा माल सापडला की जागच्या जागी सील करायचा, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. आई म्हणजे दुकान नव्हे, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

काही दिवसांतच आई न्हाणीघराच्या दारात कोसळली. उलट्या, घाम, हात उचलायचं त्राण नाही. आम्ही तिला दवाखान्यात नेलं तेव्हा मला भावोजींचा इतका राग आला होता की मी त्यांच्या शेजारी उभीसुद्धा राहिले नाही.

"आधी काय घेत होत्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"स्टेरॉइड," भावोजी लगेच म्हणाले. "मी पकडलं ते."

"मग?"

"मग डबा सील केला."

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "हे असं एकदम बंद करत नाहीत. बाहेरून मिळतंय म्हटल्यावर शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं सोडून देतं. हळूहळू उतरवावं लागतं. रोज साधारण किती पोटात जात होतं? इथे उपचार सुरू करतेच, पण घरी जाताना किती द्यायचं ते मला ठरवावं लागेल."

भावोजींच्या तोंडचं पाणी पळालं. आयुष्यभर त्यांनी 'आहे' किंवा 'नाही' एवढंच सांगितलं होतं. किती आहे हे वरच्या मजल्यावरचं मोठं यंत्र सांगतं, तेही रांगेत नंबर लागल्यावर. ते तसेच प्रयोगशाळेत गेले आणि स्वतःच्या सहीचं सील स्वतः फोडलं. या पापासाठी खात्यात कडक शिक्षा आहे. शुद्ध औषधाचे फिकटापासून गडदपर्यंत टिपके एका रांगेत मांडले, शेजारी आईची पावडर, आणि कोणत्या डागाशी ती जुळते ते डोळ्यांनी ठरवलं. ताई सोबत गेली होती. ती सांगते, घाईत त्यांनी पेनाने रेघ मारली आणि पहिल्या दोन पट्ट्या फुकट गेल्या. फोनवर आकडा त्यांनी डॉक्टरीणबाईंना तीनदा सांगितला. माझा राग तेव्हाच निम्मा ओसरला, पण त्यांना मी हे कळू दिलं नाही.

आईला बरं वाटू लागलं. घरी जायच्या दिवशी तिने गोळीचं पाकीट हातात घेतलं.

"यात काय आहे?"

"स्टेरॉइड," भावोजी म्हणाले.

"डब्यात होतं तेच?"

"साधारण तेच."

"मग तुम्ही पकडलंत कोणाला?"

भावोजींनी पाकीट उलटं करून औषधाचं नाव पुन्हा वाचलं. पावडरवाल्याला त्यांनी रीतसर पकडलं होतंच. त्याचं दुकान बंद झालं आणि समोरच्या गल्लीत दुसऱ्या नावाने उघडलं. नव्या डब्यावरचा म्हातारा आता सायकल चालवतो.

गोळी कमी होत होत संपली. आईच्या चेहऱ्यावरची सूज ओसरली, रक्तातली साखर ताळ्यावर आली, डॉक्टरीणबाई खूश झाल्या. गुडघेही अगदी पूर्वीसारखे झाले. आई पुन्हा खुर्चीत बसली, आणि टोमॅटो पुन्हा मीच आणू लागले, दुकानदार देईल ते.

मग मैत्रिणीने वेगळ्याच कोणाची तरी पावडर आणून दिली. या वेळी आईने स्वतः भावोजींना बोलावलं आणि डबा पुढे केला. "आधी बघा, मग सांगा."

जगात कोणी आपणहून त्यांना नमुना दिला, असं हे पहिल्यांदाच घडत होतं. भावोजींनी जीव तोडून तपासणी केली. सगळी द्रावणं, सगळी स्टेरॉइडं, वेदनाशामक औषधं, काही सोडलं नाही. रविवारी ते डबा घेऊन आले तेव्हा त्यांचा चेहरा असा खुलला होता की ताईसुद्धा चकित झाली.

"आई, यात काही नाही. नुसती पानं आणि मुळं. मी सगळं पाहिलं. अगदी बिनधास्त घ्या."

"काहीच नाही? नक्की?"

"अगदी नक्की."

आईने डबा उलटसुलट करून पाहिला आणि त्यांच्या हातात परत दिला.

"मग घेऊन जा. याने मी चालायची नाही."